चोक काढला की पॉवर विडर बंद पडतोय? नवीन कार्बोरेटर आणायच्या आधी हे बघा

मृगाचा पाऊस पडून गेला, रानाला वाफसा आला की मला एक फोन ठरलेला असतो. "दाजी, विडर चालू होतोय हो, पण चोक काढला की मरतोय. येताय का जरा?" मी काही मिस्त्री नाही. सातारा जिल्ह्यात आलं आणि ऊस करतो, सहा सीझन झाले माझ्याकडं ७ एचपीचा पेट्रोल विडर (पाती फिरवून तण काढायचं मशीन) आहे, आणि हाच एक बिघाड माझ्या मशिनला चारदा आणि भावकीत-शेजारपाजारी मिळून वीस-बावीस मशिनांना मी काढलाय. पहिल्यांदा मात्र दुकानात नेलं होतं, त्यांनी न उघडता सरळ नवीन कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवून दिला, मजुरी वेगळी. जुना मी पिशवीत घालून घरी आणला, पुढच्या वर्षी सहज उघडून धुतला, तर तोच आजतागायत चालतोय. नवीन होता तो डब्यात पडलाय.

आधी हे सांगतो की मी कुठल्या इंजिनबद्दल बोलतोय. प्लेटवर १७० एफ लिहिलेलं असतं ते, फोर स्ट्रोक, २१२ सीसी, दोरी ओढून चालू करायचं. त्यातला १ म्हणजे एक सिलेंडर आणि ७० म्हणजे बोअर, सिलेंडरची आतली रुंदी, ७० मिमी. त्याच्या खालचं १६८ एफ, त्यालाही सगळं असंच लागू. पाठीवरच्या फवारणी पंपासारखं छोटं टू स्ट्रोक इंजिन असलेला विडर असेल तर पेट्रोलचं आणि टाकीचं जे लिहिलंय ते वाचा, कार्बोरेटरचं सोडून द्या, कारण त्याच्या कार्बोरेटरला खाली पेट्रोल साठायची वाटी नसते, आत पडदा असतो आणि त्याचं काम वेगळं. डिझेलवाल्यांनी तर पुढं वाचायचीच गरज नाही.

लक्षणं अशी असतात. सगळी एकदम दिसत नाहीत, एखाद-दोन दिसली तरी गडी तोच:

- चोक लावून दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला चालू होतं, चोक काढला की दोन-चार सेकंदात बंद.
- अर्धा चोक ठेवला तर चालतं, पण पाती जमिनीत गेली की दम टाकतं.
- रेस आपोआप वर-खाली होते, व्हूँ-व्हूँ-व्हूँ असा आवाज, जणू कोणी अ‍ॅक्सिलेटर हलवतंय.
- नीट चालतं, दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडतं, पाच मिनिटं थांबून ओढलं की परत चालू.
- सहा-सात महिने शेडमध्ये होतं, ठेवलं तेव्हा चांगलं होतं.

आता पाना हातात घ्यायच्या आधी एक मिनिट विचार करा, तास वाचेल. चोक म्हणजे काय, तर हवेच्या वाटेवरची झडप. चोक लावला की हवा कमी होते, आत ओढ जास्त बसते, म्हणून पेट्रोल जास्त ओढलं जातं. म्हणजे मशीन फक्त चोकवर चालत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की एकतर पेट्रोल कमी पोचतंय, नाहीतर कुठून तरी हवा जास्त शिरतेय. तिसरं काही नाही. स्पार्क आहे, नाहीतर चोकवरही चाललं नसतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, तोही कामापुरता आहे. तरी लोक पहिल्यांदा काय करतात, तर प्लग बदलतात! नवा प्लग आणून बसवतात, मशीन तसंच मरतं, मग म्हणतात प्लगला वीज देणारी कॉइल गेली. कॉइलचा या दुखण्याशी काही संबंध नाही.

काम मोकळ्यावर करा, बंद शेडमध्ये इंजिन चालवायचं नाही, धुरातला विषारी वायू नाकाला कळत नाही. सायलेन्सर गार होऊ द्या, बिडी-सिगारेट बाजूला, आणि पात्यांजवळ हात घालायच्या आधी प्लगची टोपी उपसून ठेवा.

आता फुकटातल्या गोष्टी आधी.

कार्बोरेटरच्या बाजूला दोन दांड्या असतात एकावर एक, वरची चोकची आणि खालची कॉकची, म्हणजे टाकीतलं पेट्रोल चालू-बंद करायची. दिसायला सारख्याच. मागच्या जुलैत आप्पांनी बोलवलं होतं, उसाच्या बांधावर मशीन उभं, दोन माणसं दोरी ओढून घामाघूम, प्लग दोनदा काढून झालेला. मी बघितलं तर चोक काढताना त्यांचा अंगठा खालच्या दांडीलाही लागत होता आणि कॉक अर्धा बंद होत होता. वाटीत होतं तेवढं पेट्रोल संपलं की मशीन बंद. आप्पा काही बोलले नाहीत, चहा मात्र दोनदा झाला. म्हणून सांगतो, हसू नका, आधी कॉक पूर्ण चालू आहे का ते वाकून, डोळ्यानं बघा. चोकच्या दांडीचंही बघा, कधीकधी दांडी हलते पण आतली झडप हलतच नाही, एअर फिल्टरचं झाकण काढून बघितलं की दिसतं.

मग ऑइल. मशीन सपाट जागेवर, इंजिन सरळ उभं, नांगरायच्या पोझिशनला मागं कललेलं नको. या इंजिनात साधारण ६०० मिली ऑइल बसतं, पातळी ऑइल टाकायच्या भोकाच्या काठापर्यंत लागते. काही इंजिनांना ऑइल सेन्सर असतो, ऑइल कमी झालं की तो स्पार्कच तोडतो, आणि चढावर मशीन कललं तरी तोडतो. पण सेन्सरनं बंद पडलेलं मशीन चोक लावूनही चालू होत नाही, हा फरक लक्षात ठेवा. ऑइल बघतानाच बोटावर घेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला आणि पातळी वाढलेली दिसली तर इथंच थांबा, मशीन चालू करू नका, त्याचं खाली लिहितो.

सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारा. कुंभारमाशीला ती नळी लई आवडते. मातीचं घर बांधून ठेवते, इंजिनाला श्वासच सोडता येत नाही. माझ्या मशिनला एकदा निघालं होतं, स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर मूठभर माती आणि त्यात वाळलेले कोळी.

पुढचं पेट्रोल, आणि माझ्या हिशोबानं निम्मी मशिनं इथंच सुधारतात. किती जुनं आहे? "दिवाळीच्या आधीचं आहे, पण डबा पॅक होता" असं उत्तर आलं की मला पुढं काही विचारायचं नसतं. पेट्रोल महिनाभरानंतर उतरायला लागतं, त्यातला हलका भाग, ज्यावर गार इंजिन पेट घेतं, तो उडून जातो आणि मागं चिकट राळ उरते. त्यात आता इथेनॉल. २०२२ साली पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल होतं, २०२५ पर्यंत ते २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, थोडं पाणी पोटात जिरवतं, पण एका मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर. खाली म्हणजे कुठं, तर टाकीच्या तळाला, जिथनं पाईप निघतो तिथंच. गाडी आपण रोज चालवतो, टाकी दर आठवड्याला नवी भरते, तिला फरक पडत नाही. विडर वर्षातून दोन महिने चालतो, म्हणून हे दुखणं विडरला, फवारणी पंपाला आणि गवत कापायच्या मशिनला.

तपासायचं असं: काचेच्या बाटलीत पावभर पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं उन्हाबाहेर ठेवा. खाली वेगळा थर किंवा गोळे दिसले तर पाणी. गढूळ असेल तरी गेलं. वास रंगाच्या दुकानासारखा आला तर शिळं. काहीही असो, शंका आली की सगळं काढून टाका. अर्धं जुनं अर्धं नवं करू नका, तो लिटरभर वाचवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि मग संध्याकाळपर्यंत दोरी ओढत बसतो. जुनं ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, गॅरेजवाल्याला द्या, ते पार्ट धुवायला वापरतात. नवीन पेट्रोल अर्धा लिटर टाकून, वाटीतलं जुनं काढून मग चालू करून बघा. वाटीतलं कसं काढायचं ते पुढं आहे.

टाकीचं झाकण. त्याला बारीक भोक असतं, पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यावी म्हणून. चिखलानं ते बुजलं की टाकीत ओढ तयार होते, पेट्रोल उतरायचं बंद होतं. दहा-पंधरा मिनिटं चालून बंद पडणाऱ्या मशिनला हे पहिलं बघायचं. बंद पडल्याबरोबर झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि लगेच चालू झालं तर दुखणं सापडलं. झाकण धुऊन, फुंकून घ्या. झाकणाला स्वतः खिळ्यानं नवं भोक पाडणारे महाभाग मी बघितलेत, तसलं करू नका, पावसाचं पाणी सरळ टाकीत जातं आणि मशीन कललं की पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडतं.

आता पान्याचं काम, पण अजून सोपंच. १० नंबरचा पाना घ्या. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला दोन बोल्ट दिसतील, एक बरोबर मधे तळाला, तो वाटी धरून ठेवतो, आणि एक बाजूला तिरका, तो फक्त पेट्रोल काढायचा. तिरका सैल करा, खाली डबा धरा, कॉक चालू ठेवा. आधी वाटीतलं पेट्रोल येईल, ते जाऊ द्या. नंतर धार तशीच चालू राहिली पाहिजे, निदान अर्धा मिनिट. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण एका धारेवरनं कळतं की दुखणं कार्बोरेटरच्या अलीकडं आहे की पलीकडं. धार जोरात चालू राहिली तर टाकी, जाळी, पाईप, कॉक सगळं ठीक, दोष पुढं आहे. धार बारीक होऊन थेंब-थेंब झाली तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. झाकण उघडून परत बघा, टाकीच्या तळाची जाळी साफ करा, कॉकखाली छोटी वाटी असते त्यात गाळ बसतो ती काढून धुवा, पाईप कुठं मुडपलाय का, आतून फुगून चिकट झालाय का बघा. पाईप फुगला असेल तर नवा टाका, स्वस्त मिळतो, पण पेट्रोलचाच मागून घ्या, पाण्याची नळी लावली तर आठ दिवसांत विरघळते.

एअर फिल्टर बघून घ्या, पण त्याच्यावर आशा ठेवू नका. फिल्टर चोंदला तर हवा कमी होते, म्हणजे आपल्या दुखण्याच्या बरोबर उलट: मशीन काळा धूर टाकेल आणि चोक लावला की आणखी गुदमरेल. फोम असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, इंजिन ऑइलचे चार थेंब चोळून, घट्ट पिळून बसवा. कागदी असेल तर झटकून बघा नाहीतर बदला. फिल्टर काढून मशीन चालवून "आता बरं चालतंय" म्हणत शेतात घेऊन जाऊ नका. उन्हाळ्यातल्या रानाची धूळ सिलेंडरमध्ये गेली की रिंगा एका सीझनमध्ये घासतात.

प्लग बदलायचा नाही म्हटलं तरी काढून रंग मात्र बघा, फुकटात माहिती मिळते. टोक पांढरट, कोरडं असेल तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे आपला अंदाज बरोबर. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला म्हणजे नुसती दोरी ओढून ओढून पेट्रोल भरलंय, प्लग पुसा, भोक उघडं ठेवून तीन-चार ओढी द्या आणि दहा मिनिटं थांबा. गॅप ०.७ ते ०.८ मिमी. बसवताना आधी हातानं फिरवा, पाना शेवटी. अ‍ॅल्युमिनियमचे आटे आहेत, वाकडा घातला की हेडच गेलं.

इथवर सगळं ठीक निघालं, पेट्रोल ताजं, धार जोरात, तरी चोक काढला की मरतंय, तर आता कार्बोरेटर उघडायचा. घाबरू नका, पण घाई नको. परात घ्या, तिच्यात पांढरं कापड अंथरा, सगळं तिच्यावर. माझा एकदा फ्लोटचा (वाटीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याचा) पिन कडब्यात पडला, टाचणीएवढी वस्तू, दोन तास हुडकली.

कॉक बंद. सुटा करायच्या आधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, स्प्रिंग कुठल्या भोकात आहे ते विशेष. कार्बोरेटर इंजिनवरनं न काढताही वाटी निघते, पहिल्यांदा तेवढंच करा. मधला बोल्ट काढला की वाटी हातात येते. तिच्या तळाला काय आहे ते नीट बघा. नितळ पेट्रोल असेल तर चांगलं. आमच्याकडं बहुतेक वेळा साबुदाण्याच्या खिरीसारखं पांढरं काहीतरी आणि पितळेवर हिरवट बुरशीसारखा थर निघतो. तो पाण्याचा आणि शिळ्या पेट्रोलचा प्रताप.

वाटी बसते तिथं मधोमध उभी नळी आहे, तिच्यात खालून मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, आटे करून बसवलंय. भोकात नीट बसणारा स्क्रू ड्रायव्हर लागतो, बारीक पात्याचा घेतलात तर पितळ खाऊन जाईल आणि मग ते निघणारच नाही. मेन जेटच्या मागोमाग एक लांबट, कडेनं बारीक भोकं असलेली नळी पडते. दोन्ही उजेडाकडं धरून बघा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे, अर्धचंद्र दिसला तर घाण आहे.

पण खरा चोर बहुतेक वेळा हा नसतो. खरा चोर पायलट जेट, म्हणजे हळू रेसचं जेट. चोक काढल्यावर, रेस कमी असताना इंजिन या जेटवर चालतं आणि त्याचं भोक मेन जेटच्या निम्मंच असतं, म्हणून आधी तेच बुजतं. खाली नाही, वरच्या बाजूला असतं. स्प्रिंगवाला प्लॅस्टिकचा रेसचा स्क्रू दिसतो ना, तो किती आटे आत आहे ते मोजून काढा, त्याच्या खाली जेट दाबून बसवलेलं असतं, स्क्रू ड्रायव्हरनं हळू उचकटलं की वर येतं. दुकानात "सर्व्हिसिंग" करून आणलेली मशिनं माझ्याकडं परत येतात त्यातली बरीच याच कारणानं: वाटी धुतलेली असते, मेन जेट चकचकीत असतं, आणि पायलटला कोणी हातच लावलेला नसतो. लोड घेताना मरत असेल तर मेन जेट, रिकामं चालताना मरत असेल किंवा रेस वर-खाली होत असेल तर पायलट, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

साफ कशानं करायचं? कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मिळतो, तो मारून पाच मिनिटं ठेवा. स्प्रे एका भोकात मारला की दुसऱ्याच भोकातून डोळ्यात उडतो, चष्मा लावा. मग पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारा. तरी भोक उघडलं नाही तर घरातल्या वायरमधली एकच बारीक तांब्याची तार घ्या, तांबं पितळेपेक्षा मऊ असतं म्हणून भोक मोठं होत नाही. सुई, स्टेपलरची पिन, सायकलची तार, काही नको. मी दुसऱ्या वर्षी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली सुई घातली होती मेन जेटमध्ये, खूश झालो, भोक एकदम मोकळं. मशीन चालू झालं, काळा धूर, आणि लिटरभर पेट्रोल जिथं तासभर जायचं तिथं पाऊण तासातच संपायला लागलं. शेवटी नवं जेट आणावं लागलं, आणि सुई पण परत दिली नाही म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळी.

वाटीचं गोल रबर स्प्रेनं फुगतं आणि मग खाचेत बसत नाही. ओढाताण करू नका, उन्हात अर्धा तास ठेवा, परत आकसतं. स्प्रे मारायच्या आधीच बाजूला काढून ठेवलं तर उत्तम. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल शिरल्याचा आवाज आला तर बदला. फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करते ती नीडल, तिच्या टोकाला रिंग पडलेली दिसली तर तीही बदला. सगळं बसवल्यावर कॉक चालू करून दोन मिनिटं नुसतं बघत बसा, गळती नसेल तरच दोरीला हात.

एवढं करूनही रेस वर-खाली होत असेल तर हवा कुठून शिरते ते शोधा. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधे एक काळा जाड ठोकळा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना कागदी गॅस्केट. नट सैल असेल किंवा गॅस्केट फाटलं असेल तर तिथून फुकटची हवा जाते. साबणाचा फेस ब्रशनं सांध्यावर लावा आणि चोकवर चालवा, फट असेल तिथं फेस आत ओढला जातो. काही व्हिडिओत गरम इंजिनवर स्प्रे मारून तपासतात, बाजूलाच सायलेन्सर लाल झालेला असतो, मी नाही करत. नट आवळताना दोन्ही सारखे, थोडे-थोडे. गॅस्केट काढलं असेल तर भोकं जुळवून बसवा, उलटं बसलं तर कार्बोरेटरची श्वासाची वाट बुजते आणि मग आपण आपल्याच हातानं नवा बिघाड करून ठेवतो.

आता जिथं हात लावायचा नाही ते. गव्हर्नर, म्हणजे रेस आपोआप सांभाळणारी ती लांब दांडी आणि बारीक स्प्रिंग. रेस वर-खाली झाली की लोकांना वाटतं हीच ढिली झालीय, मग तिला वाकवतात, ताणतात. आमच्या शिवारात एकानं अशी स्प्रिंग पुढच्या भोकात अडकवली, मशीन इतकं जोरात पळायला लागलं की सगळे खूश, तिसऱ्या दिवशी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला बाहेरून भोक पडलं. हे इंजिन मिनिटाला साधारण ३६०० फेऱ्यांसाठी बनवलंय आणि रॉड अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्याच्यापुढं पळवलं की तो तुटणारच. रेस खेळत असेल तर कारण पायलट जेट किंवा हवेची फट असते, गव्हर्नर बिचारा त्या चुकीमागं धावत असतो.

वॉल्वचा गॅप तुमच्याकडं फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल आणि आधी कोणाचं बघितलं असेल तरच. इंजिन पूर्ण गार, आत हवा येणारा वॉल्व ०.१५ मिमी आणि एक्झॉस्टचा ०.२० मिमी. गॅप उरलाच नसेल तर गरम झाल्यावर कॉम्प्रेशन सुटतं, बंद पडल्यावर दोरी हलकी लागते आणि गार होईपर्यंत चालू होत नाही. झाकणाची फुस्स तपासणी करून झाली असेल आणि तरी गरम झाल्यावरच मरत असेल तर दोषाचा माग इकडं. पहिल्यांदाच करत असाल तर मिस्त्रीच बरा.

आणि या गोष्टी दिसल्या तर सगळं सोडून मिस्त्रीकडंच. ऑइलमध्ये पेट्रोल मिसळलंय: फ्लोटची नीडल धरत नाही म्हणून पेट्रोल सिलेंडरमधून खाली उतरतंय, तसंच चालवलं तर बेअरिंगला वंगण मिळत नाही. ऑइलमध्ये चमकी दिसते. दोरी ओढताना हातातून हिसका मारून परत जाते किंवा दगडाला पाती अडकून मशीन जागेवर थांबलं आणि त्यानंतर चालूच होत नाही, तेव्हा फ्लायव्हीलची चावी सरकलेली असते, ते काढायला पुलर लागतो, हातोडीनं ठोकलं तर फ्लायव्हील तडकतं. निळा धूर सतत येतो. आतून टकटक आवाज येतो. दोरी जाम. आणि मशीन वॉरंटीत असेल तर कार्बोरेटरही उघडू नका, पेट्रोल बदलून बघा, झाकण बघा आणि सरळ फोन करा. मिस्त्रीला जाताना "बंद पडतंय" एवढंच सांगू नका. चोकवर चालतं का, किती मिनिटांनी मरतं, गरम असताना की गार असताना, धार कशी होती, काय काय बदललं, हे सांगितलं तर तोही अंदाजानं पार्ट बदलत बसत नाही.

सीझन संपल्यावर मी काय करतो ते सांगून थांबतो. टाकीतलं सगळं पेट्रोल गाडीत ओततो. कॉक बंद करून मशीन चालू ठेवतो, वाटीतलं संपून आपोआप बंद पडेपर्यंत, आणि तरी तिरका बोल्ट सोडून उरलेले थेंब काढतो. प्लग काढून चमचाभर ऑइल आत, दोरी दोन-तीनदा हळू ओढून जिथं घट्ट लागते तिथं सोडतो म्हणजे दोन्ही वॉल्व बंद राहतात. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबतो कुंभारमाशीसाठी, आणि ते फडकं लाल रंगाचंच घेतो, नाहीतर जूनमध्ये तसंच चालू करायला जातो आपण. यंदा तिसऱ्या ओढीला चालू झालं. आप्पांचं मात्र परत आलंय, दुपारपासून अंगणात उभं आहे. टाकी हलवली तर निम्मी भरलेली लागली. बाटली आणायला पोराला पाठवलंय.